केशरबाई आणि आठ हजार वर्षांचा दुष्काळ

उंबरढवच्या केशरबाईला अंगणापलीकडचा माणूस ओळखू येत नसे, पण तळपायात रुतलेल्या काट्याचं टोक मोडलंय की आख्खं आहे, हे ती सुई हातात घ्यायच्या आधी सांगत असे. तिचे डोळेच तसे होते. लांबचं सगळं धुरकट, आणि चार बोटांवरचं मात्र लख्ख. गुरुजी फळ्यावर काही लिहितात, हे तिला सातवीत, शाळा सुटायच्या वर्षी कळलं. तोवर तिची समजूत अशी की गुरुजींना भिंतीकडे तोंड करून बोलायची सवय आहे.

लग्न होऊन ती ग्यानोबाच्या घरी आली तेव्हा सासऱ्यानं हौसेनं नांदेडला नेऊन तिला चष्मा करून दिला. काचा बाटलीच्या बुडासारख्या जाड. चार दिवस तिनं तो घातला आणि पाचव्या दिवशी पेटीत ठेवून दिला.

"काहून गं?" सासऱ्यानं विचारलं.

"लई गर्दी दिसती, मामा," ती म्हणाली.

मग गावानंच जुळवून घेतलं. रस्त्यात भेटणारा माणूस आधी आपलं नाव सांगे आणि मग जय भीम घाली. एकदा तिनं पुंजाजीच्या म्हशीला "बसा की, चहा घेऊन जा" असा आग्रह केला होता, आणि म्हैस बसली होती. ग्यानोबानं ते पाहिलं, पण तो काही बोलला नाही. हळदीच्या हंगामात हळद शिजवायचं यंत्र घेऊन तो शेतोशेत फिरे. त्या यंत्राच्या फुसफुशीत वर्षं काढल्यामुळं म्हणा की स्वभावानं म्हणा, दिवसाकाठी त्याची सात-आठ वाक्यं होत.

केशरबाईचं नाव झालं ते काट्यांमुळं. कुणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, बोटात काच गेली, डोळ्यात ज्वारीचं कुसळ गेलं, की तिच्या ओट्यावर यायचं. ती पाय मांडीवर घेई, नाक टेकेल इतका डोळ्यांजवळ नेई आणि काटा निघेपर्यंत त्या पायाशी गप्पा मारी. शिरड शहापूरहून लोक जीप करून येत. पाय धुऊन यावं हा तिचा एकच नियम होता. याखेरीज लग्नसराईत तांदूळ आणि डाळी निवडायला तिला बोलावणं असे. केशरबाईच्या हाताखालून गेलेल्या तांदळात खडा निघाला, असं सांगणारा माणूस अजून भेटलेला नाही.

बावन्नाव्या वर्षी ती बद्रुद्दीन शिंप्याच्या घरी अशीच तांदूळ निवडायला गेली, आणि तिथून पुढं जे झालं ते झालं.

बद्रुद्दीनच्या उजैरचं लग्न होतं. घरात पाहुणे, अंगणात मांडव, आणि बद्रुद्दीन स्वतः आदल्या दिवशीपर्यंत नवरदेवाची शेरवानी उसवून परत शिवत बसलेला. त्याची मोठी मुलगी उझ्मा सुट्टी घेऊन आली होती. ती किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत समुद्राच्या तळाच्या चिखलाचा अभ्यास करी. चिखलाला एवढं शिक्षण कशाला लागतं, हे गावात कुणाला कळत नव्हतं. पण पोरगी डॉक्टर झाली म्हणून सगळ्यांना अभिमान होता, आणि ती पडशावर औषध देत नाही म्हणून थोडा राग. काम तुंबलेलं म्हणून तिनं एक सूक्ष्मदर्शक आणि कुप्यांची खोकी लग्नघरात आणली होती.

उझ्माची आई मदीनाबी केशरबाईला म्हणाली, "आतल्या खोलीत ताट ठेवलंय, बसा निवांत."

आतल्या खोल्या दोन होत्या. तांदळाचं ताट उजवीकडच्या खोलीत होतं. केशरबाई डावीकडच्या खोलीत गेली.

तिथं टेबलावर एक छोटं काळं तबक होतं आणि त्यात चिमूटभर पांढुरकी भुकटी. शेजारी दोन-तीन केसांचा बारीक कुंचला. केशरबाईनं तबक डोळ्यांजवळ नेलं आणि तिला धक्काच बसला. इतका बारीक तांदूळ, तोही इतकासा, अन् जेवायला सातशे माणूस. पण लग्नघर आहे, आपण बोलू नये, असा विचार करून ती खाली बसली, कुंचला जिभेवर ओला केला आणि निवडायला लागली.

अडीच तासांनी उझ्मा आत आली ती किंचाळलीच.

"केशरमावशी! काय करून राहिल्या तुमी?"

"निवडून राहिले, पोरी. पर तुमचा तांदूळ लई भेसळीचा हाय. पाच जातीचा हाय. कोन्या दुकानातून आनला?"

उझ्मानं तबक हिसकावून घेतलं. काळ्या तबकात पाच इवल्या ढिगुळ्या होत्या. तिनं तबक सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पहिली ढिगुळी पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग तिनं हातानं चाचपून स्टूल ओढलं आणि ती बसली.

ते तांदूळ नव्हते. समुद्राच्या पाण्यात धुळीच्या कणाएवढे जीव राहतात. ते स्वतःभोवती चुन्याचं कवच बांधतात, मेले की ते कवच तळाला जाऊन पडतं. हजारो वर्षं अशी कवचं गाळाबरोबर थरावर थर बसत जातात. शास्त्रज्ञ जहाजावरून लांब नळी तळात घुसवतात, गाळाचा दांडका वर काढतात, त्याचे बोटाच्या पेराहून पातळ काप करतात आणि एकेक काप धुऊन त्यातली कवचं कुपीत भरतात. मग कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कुपीकुपीतले तीनशे-तीनशे जीव जातीवार वेगळे करायचे. त्या तबकातल्या कामाला उझ्माला दोन दिवस लागले असते.

"ही पाचवी ढिगुळी," उझ्मानं विचारलं. "ही तर चौथीसारखीच हाय. वेगळी काहून काढली?"

"सारखी कशी? ह्याला ओठ हाय. त्याला न्हाई."

उझ्मानं परत पाहिलं. चौथ्या ढिगुळीतल्या जिवांची तोंडं उघडी, कमानीसारखी. पाचवीतल्या जिवांच्या तोंडावर खालून एक बारीकशी किनार आलेली. ओठ. तिनं पिशवीतून जाडं पुस्तक काढलं, चित्रं पाहिली, पान उलटलं, परत उलटलं. जाती दोन होत्या. आणि तीन वर्षं ती त्या दोन्ही एकच समजून मोजत आली होती.

बाहेर बँडवाल्यांनी सुरू केलं होतं. मदीनाबी दारात येऊन म्हणाली, "तांदूळ झाला का? डेग चढवायची हाय."

"न्हाई," दोघी एकदमच म्हणाल्या.

त्या लग्नात बिर्याणीत खडे लागले. बद्रुद्दीनला ते शेवटपर्यंत जिव्हारी लागून राहिलं.

सुट्टी संपल्यावर उझ्मा परत गेली ती सूक्ष्मदर्शक आणि चारशे बारा कुप्या केशरबाईच्या घरी ठेवून. सूक्ष्मदर्शक केशरबाईला आवडला नाही. "एका भोकात डोळा घालून बसायचं म्हंजी चोरून बघितल्यावानी वाटतं," म्हणून तिनं त्याच्यावर धुतलेलं फडकं टाकलं आणि तो पाहुण्यांना दाखवायला ठेवला. ती आपली उजेडाला दारात बसे, तबक नाकाशी धरून. जातींची लॅटिन नावं उझ्मानं लिहून दिली होती. ती तिनं दोनदा मोठ्यानं वाचली, तिसऱ्यांदा तिला हसू आलं, आणि मग तिनं आपली नावं पाडली. एकीला जिलेबी, एकीला फुटाणा, एकीला भाकरचोर. चार गोळे एकाला एक चिकटवल्यासारखी जी जात होती, तिला चारमुंडी. तिच्यासारखीच पण ओठवाली, ती रुसकी. तिकडं संस्थेतल्या नोंदींतही हीच नावं चालू झाली, कारण ती लक्षात राहत.

सगळ्यात महत्त्वाची चारमुंडी. पावसाळ्यात वारा जोराचा वाहिला की अरबी समुद्रात वरचं पाणी बाजूला सरतं, खालचं थंड आणि कसदार पाणी वर येतं, आणि त्या पाण्यात चारमुंडी फोफावते. म्हणजे थरात चारमुंडी जास्त, तर त्या काळी पावसाचा वारा जोराचा. कमी, तर वारा मलूल. एका कुपीत दोनशे वर्षं. चारशे बारा कुप्यांत ब्याऐंशी हजार.

हे उझ्मानं फोनवर समजावलं तेव्हा केशरबाईनं विचारलं, "अन् हे कमीजास्त काहून होतं?"

"पृथ्वी भवऱ्यासारखी फिरती ना मावशी. भवरा फिरताना मान बी डोलवतो. पृथ्वीची मान एकदा डोलून जागेवर यायला तेवीसेक हजार वर्षं लागतात. त्यापायी उन्हाळ्याचं ऊन कमीजास्त होतं, अन् त्याच्यामागं पाऊस."

केशरबाईनं थोडा विचार केला. गावाला कॅनॉलचं पाणी पाळीनं मिळे. कधी यायचं ते वरून ठरे आणि आपल्या शेतापर्यंत येईस्तोवर जीव टांगणीला लागे.

"म्हंजी पानीपाळी हाय," ती म्हणाली. "तेवीस हजार वर्षांनी आपला नंबर."

"बराबर," उझ्मा म्हणाली. पुढं एका मोठ्या सभेत तिनं हेच वाक्य इंग्रजीत सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं तिनंच कळवलं.

केशरबाईला पाऊस कळतो ही बातमी आषाढाआधी गावभर झाली. लोक काटा नसतानाही ओट्यावर यायला लागले. "पेरू का थांबू?" असं विचारत.

"मला फुडचं न्हाई कळत, बाबा. मागचं इचारा."

"मागचं म्हंजी गेल्या साली?"

"न्हाई. साठ हजार वर्षांमागचं. लई चांगला होता."

लोक निराश होऊन जात. काही जण मात्र तेवढ्यावरही पेरत.

या सगळ्याचा खरा त्रास झाला पुंजाजीला. पुंजाजीनं एकतीस वर्षं शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचं झाकण रोज सकाळी आठ वाजता उघडून मिलिमीटर लिहून ठेवले होते. लेकीच्या लग्नाच्या दिवशीही त्यानं हळद लागलेल्या हातानं नोंद केली होती. ते पान अजून पिवळं आहे. गावात पाऊस म्हटलं की पुंजाजी. आणि आता ही बाई ब्याऐंशी हजार वर्षं घेऊन दारात बसलेली.

"तिथं मोजाया कोन गेलतं?" तो चावडीवर विचारी. "सकाळी आठ वाजता घेतलं व्हतं का? झाकन व्हतं का?"

केशरबाईपर्यंत हे पोचे. ती म्हणे, "खरं हाय त्यांचं. झाकन नव्हतं."

श्रावणात वरून एक ऑनलाइन फॉर्म आला. तो भरायचं काम ग्रामसेविका निताकडं. निता नेकीची मुलगी. फॉर्मवर लिहिलेला प्रत्येक शब्द ती खरा मानी. रकाना होता: ‘गावातील पर्जन्यमानाची उपलब्ध असलेली सर्व वर्षांची माहिती’. खाली लाल अक्षरांत: ‘माहिती दडवल्यास संबंधितांवर कारवाई होईल’. पुंजाजीनं एकतीस वर्षांच्या वह्या आणून दिल्या. निता दोन दिवस बसून ते भरत होती. तिसऱ्या दिवशी ती केशरबाईच्या ओट्यावर आली.

"मावशी, तुमच्याकडची माहिती द्या."

"अगं माय, ती समिंदराची हाये. उंबरढवची न्हाई."

"आपला पाऊस कुठून येतो?"

"समिंदरावरून."

"मग? अन् ही माहिती उपलब्ध आहे का नाही?"

"हाय तर खरी. शंभरेक कुप्या ऱ्हायल्यात."

"झालं तर. दडवता येणार नाही."

फॉर्मला मिलिमीटर नको होते. एका चौकटीत ‘अत्यल्प, कमी, बरा, जास्त’ असे पर्याय होते, त्यातला एक निवडायचा. वर्षाच्या रकान्यात उणे चिन्ह चाललं. निता एकेका कुपीचा आकडा विचारी आणि केशरबाई सांगे. ऐंशी ते एकशेवीस नंबरच्या कुप्यांत चारमुंडी फार कमी होती. एकामागून एक निता ‘अत्यल्प’ निवडत गेली. शेवटी तिचं बोट दुखायला लागलं आणि तिला त्या काळातल्या माणसांचं वाईट वाटलं.

अकरा दिवसांनी पत्र आलं. ‘मौजे उंबरढव येथे सलग आठ हजार वर्षे अत्यल्प पर्जन्यमान आढळून आल्याने परिस्थिती अतिगंभीर आहे. पाहणी पथक तातडीने येत आहे.’

पथक आलं त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की गावाचा ओढा रस्त्यावर चढला होता. पथकाची जीप पलीकडंच राहिली. पथकप्रमुख रत्नपाल साहेब आणि त्यांचा कारकून यांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभं करून गावात आणलं. साहेबांच्या डोक्यावर कुणीतरी खताचं पोतं दिलं होतं. ग्रामपंचायतीच्या पत्र्यावर पाऊस ताशा वाजवल्यासारखा वाजत होता, त्यामुळं सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं. बोटांवरून निथळणारं पाणी झटकत साहेबांनी फाईल उघडली.

"दुष्काळ कुठाय?" साहेब ओरडले.

"आज सकाळपर्यंत चौऱ्याण्णव मिलिमीटर!" पुंजाजी ओरडला.

"हा नाही! जुना दुष्काळ!" फाईल दाखवत साहेब ओरडले.

"तो हिच्याकडं हाय!" पुंजाजीनं केशरबाईकडं बोट केलं.

साहेबांना एव्हाना काय घोटाळा झालाय ते कळलं होतं. माणूस समजूतदार होता. पण पंचनाम्याशिवाय परत गेलं तर गेलोच नाही असं धरतात, आणि ओढ्यातून पुन्हा यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी कारकुनाला लिहायला सांगितलं.

"बाधित कुटुंबं किती?"

"तवा गाव कुठं व्हतं?" पुंजाजी म्हणाला.

"लिहा, निरंक. बाधित पिकं?"

"निरंक."

"बाधित जनावरं?"

यावर चर्चा झाली. जनावरं असणार, पण कुणाची हे सांगता येईना. मालक अज्ञात, असं लिहिलं.

"कालावधी?"

"चोवीस हजार वर्षांमागून सोळा हजार वर्षांमागपर्यंत," केशरबाई म्हणाली.

"तारीख पाहिजे, बाई. चौकट रिकामी ठेवता येत नाही."

"एका कुपीत दोनशे वर्षं एका जागी मिसळलीत, साहेब. त्यातून तारीख निवडता येत न्हाई. मी लई बघितलं."

साहेबांनी कपाळावरचं पाणी पुसलं. "बरं. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार?"

केशरबाई साहेबांच्या दिशेनं, म्हणजे तिला जिथं निळा शर्ट दिसत होता त्या दिशेनं पाहत होती. निळा शर्ट कारकुनाचा होता.

"मी न्हाई बघितलं. मला तर तुमी बी दिसत न्हाई," ती म्हणाली. "पर ज्यानं बघितलं त्याला आनलंय."

तिनं कनवटीची पिशवी सोडली आणि सत्त्याण्णव नंबरची कुपी टेबलावर ठेवली. ग्यानोबा घरून सूक्ष्मदर्शक घेऊन आला होता, वर प्लास्टिकचं घमेलं उपडं धरून. कुंचल्यानं तिनं एक चारमुंडी उचलली आणि काचेवर ठेवली. साहेबांनी डोळा लावला. बराच वेळ लावला. कारकुनानं लावला. मग साहेब सांगू लागले आणि कारकून लिहू लागला: ‘साक्षीदाराचे नाव: चारमुंडी. वय: एकोणीस हजार चारशे वर्षे. राहणार: अरबी समुद्र. व्यवसाय: तरंगणे. साक्षीदारास लिहिता-वाचता येत नसल्याने आणि अंगठा नसल्याने सही घेता आली नाही.’

पंच म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या. एक निताची झाली. दुसरी पुंजाजीची. पुंजाजी म्हणाला, बघितल्याबिगर मी सही करत न्हाई. तो वाकला. वाकलेलाच राहिला.

"ह्या एका कुपीत दोनशे वर्षं?" त्यानं न ओरडता विचारलं. पावसात ते फक्त केशरबाईला ऐकू गेलं.

"व्हय."

"माझी एकतीस तर हिच्या कोपऱ्यात बी दिसायची न्हाईत."

केशरबाईनं त्याच्याकडं तोंड केलं. "तुमची एकतीस मोजून घेतलेली हायेत, पुंजाजी. मिलिमीटरनं. मला निसतं कमीजास्त कळतं. किती पडला ते चारमुंडीला बी सांगता येत न्हाई. उझ्मा म्हनत व्हती, अलीकडच्या दिवसाचं कुनी मोजलेलं असलं, तरच मागच्याचा अंदाज बांधता येतो."

पुंजाजीनं सही केली. मग खाली, कुणी न सांगता, त्यानं त्या दिवसाचे चौऱ्याण्णव मिलिमीटर आणि वेळ सकाळी आठ असं लिहिलं.

दिवाळीनंतर उत्तर आलं. ‘पाहणीअंती दुष्काळ मान्य करण्यात येत आहे. तथापि पाहणीच्या दिवशी पाऊस चालू असल्याने तो त्या दिनांकापासून समाप्त समजावा.’ नितानं ते चौकट करून कचेरीत लावलं. उझ्मानं फोनवर ऐकलं तेव्हा ती इतकी हसली की फोन हातातून पडला. मग परत लावून म्हणाली, तो सोळा हजार वर्षांपूर्वीच संपलेला आहे, हे कुणीतरी त्यांना कळवा. कुणी कळवलं नाही.

त्याच हिवाळ्यात केशरबाईच्या तबकावर ढग उतरला. आधी तिला वाटलं कुप्याच मळक्या आल्यात. मग एक दिवस तिनं रुसकी चारमुंडीत टाकली. सायंकाळी ते तिच्याच लक्षात आलं आणि ती तबक पालथं घालून चुलीपुढं बसून राहिली. ग्यानोबानं त्या दिवसाची उरलेली सगळी वाक्यं एकदम वापरली: "उद्या नांदेडला जाऊ. दोन्ही डोळे दाखवू. रडू नगस. मी हाय."

नांदेडच्या डॉक्टर करुणाताईंनी तपासलं. मोतीबिंदू होता. "काढून आत नवी काच बसवू, मावशी. आता लांबचं एकदम स्वच्छ दिसेल."

"अन् जवळचं?"

"त्याला साधा चष्मा लागेल. पण आत्ता जे चार बोटांवर बारीक दिसतं, ते तसं नाही दिसणार. ते तुमच्या डोळ्याच्या दोषामुळं दिसतं."

केशरबाईनं पदर सारखा केला. आपल्या दोषानं आपलं इतकं चाललंय हे तिला कुणी असं सांगितलं नव्हतं.

"दोन्ही डोळ्यांत येकच काच बसवायचा कायदा हाय का?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कायदा नाही. एक लांबचा, एक जवळचा असं करून घेतात काही लोक. पण तुमच्याइतकी जवळची कुणी मागत नाही. चक्कर येईल. सवय व्हायला महिने जातील."

"मग तसंच करा. डावा गावाला देते. उजवा मला ठेवा."

सवय व्हायला चार महिने लागले. त्या काळात ती उंबरठा नसलेल्या जागी पाय उचलून चाले आणि असलेल्या जागी ठेच खाई. डावा डोळा बरा झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला दिसलं की समोरची रूपाबाई आपल्याकडं बघून नाक मुरडते. चौकशी केली तेव्हा कळलं की गेली वीस वर्षं मुरडते. दोघींचं पहिलं भांडण तेव्हा झालं, आणि ते वीस वर्षांचं असल्यामुळं दोन दिवस पुरलं. मग रूपाबाईच तिला डोळ्यात थेंब घालायला यायला लागली, कारण भांडताना ते राहून जात होते.

उजव्या डोळ्यानं तिनं उरलेल्या कुप्या संपवल्या. मग संस्थेनं तिला बोलावलं. नव्या मुलामुलींना निवडायला शिकवायचं होतं. ग्यानोबा आणि ती दोघं रेल्वेनं गेली. पाच पदवीधर पोरं तिच्यापुढं बसवली. तिनं पिशवीतून राळा आणि खसखस काढली, एकत्र कालवली आणि दिवसभर ती वेगळी करायला लावली. एका मुलीला रडू आलं. "रड, पर बाजूला तोंड करून," केशरबाई म्हणाली, "दाना वाहून जाईल."

संध्याकाळी उझ्मा दोघांना समुद्र दाखवायला घेऊन गेली. ग्यानोबा पाण्याकडं पाहत उभा राहिला. केशरबाईनंही डाव्या डोळ्यानं थोडं पाहिलं, बरं आहे म्हणाली, आणि मग तिची नजर पायाखाली गेली. ती समुद्राकडं पाठ करून खाली बसली, मूठभर वाळू तळहातावर घेतली आणि उजव्या डोळ्याला लावली. वाळूत शिंपल्यांचा चुरा होता, काळे चमकते कण होते, आणि काही गोल गोल, जे तिच्या ओळखीचे नव्हते. ती वेचायला लागली.

दहा मिनिटांनी एक बाई तिच्याजवळ थांबली. "काही हरवलं का हो?"

केशरबाई कामात होती, तिनं हात हलवला. बाईला वाटलं कानातलं हरवलं. ती गुडघ्यावर बसून वाळू चाळायला लागली. तिचा नवरा आला, त्याच्यामागून एक सहल आली, शहाळीवाला आला. कुणी म्हणालं कुडी आहे, कुणी म्हणालं मंगळसूत्र. किनाऱ्यावरचा रखवालदार शिट्टी वाजवत आला, त्यानं दोरी आणून चौकोन आखला आणि लोकांना रांगेनं शोधायला लावलं. पन्नास-साठ माणसं ढोपरांवर बसून पुढं सरकत होती. उझ्मा सांगायला धावली, पण तिचं कुणी ऐकेना. ग्यानोबा एका कडेला बसून आपणही थोडी वाळू बघू लागला.

"ओ मावशी," रखवालदारानं दोरीपलीकडून ओरडून विचारलं, "सापडलं का?"

केशरबाईनं मान वर केली नाही.

"सापडून ऱ्हायलंय," ती म्हणाली. "तुमी तिकडून घ्या."